पकड, क्लबफेस आणि चेंडू : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गोल्फ खेळताना आपणांस सर्वाधिक त्रास देणारा दोष कोणता, असा प्रश्न मागील अंकात या सदरातून विचारला होता. कोकणपट्टीतून बरीच पत्रे आली. कोणाचा चेंडू उजवीकडे वळतो, कोणाचा डावीकडे, कोणाचा उठतच नाही. पत्रलेखकांपैकी बहुतेकांनी स्विंग, म्हणजे क्लब फिरवून मारण्याची क्रिया, सुधारण्याचा उपाय विचारला आहे. मला मात्र पत्रे वाचताना पुन्हा पुन्हा जाणवले की दोषाचे मूळ स्विंग सुरू होण्यापूर्वीच, दोन्ही हात क्लबवर, म्हणजे गोल्फच्या काठीवर, बसतात त्या क्षणी पडलेले आहे. म्हणून या वेळी निवडलेले सर्व प्रश्न पकडीचे आहेत. ‘पकड’ म्हणजे हातांची धरण्याची रीत आणि ‘ग्रिप’ म्हणजे शाफ्टच्या (क्लबच्या दांड्याच्या) टोकावरचे रबरी आवरण, असा भेद येथे पाळला आहे. खेळाडू दोन्हींना ग्रिपच म्हणतात आणि त्यातून लेखनात घोटाळा होतो. वेगळे सांगितले नसेल तेथे वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांचे समजावे.

प्रश्न : व्यापारी जहाजावरील नोकरी संपवून मी रत्नागिरीस परतलो आहे. तरुणपणी क्रिकेट पुष्कळ खेळलो. गोल्फ पन्नाशीनंतर शिकलो. वर्षातून काही वेळा मित्रांबरोबर खारघरच्या कोर्सवर जातो. ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब क्लबने, मारलेला माझा चेंडू डावीकडे निघतो आणि मोठे वळण घेऊन उजवीकडच्या झाडीत जातो. आणखी डावीकडे नेम धरला तर तो आणखीच वळतो. खांदे, कंबर, पाय, सर्व बदलून पाहिले. पकडीबाबत एवढेच सांगू शकतो की वरून पाहिले असता डाव्या मुठीचे एकच नकल (बोटाच्या मुळाशी पाठीवर उठणारे हाड) दिसते, आणि डाव्या हाताचा मोजा दर वेळी करंगळीखालच्या गादीवर फाटतो. दोष कोठे असावा?

उत्तर : आपण पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टींतच उत्तर आहे. एकच नकल दिसणे आणि मोजा गादीवर फाटणे, या दोन खुणा हाताशी असताना खांदे आणि कंबर बदलण्याची गरज नव्हती.

प्रथम चेंडू का वळतो ते पाहू. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. तेवढ्या वेळात हातांना काहीही सुधारता येत नाही. क्लबफेस, म्हणजे क्लबच्या डोक्याची चेंडूला लागणारी बाजू, ज्या दिशेला तोंड करून आला असेल, तीच दिशा मुख्यतः चेंडूला मिळते. पूर्वी असे शिकवले जाई की चेंडू स्विंगच्या वाटेने निघतो आणि फेसच्या दिशेला जाऊन पडतो. रडारवर आधारलेली मोजणी यंत्रे आल्यावर हे उलटे असल्याचे स्पष्ट झाले. चेंडूच्या सुरुवातीच्या दिशेत फेसचा वाटा ड्रायव्हरच्या बाबतीत चार-पंचमांशाहून अधिक आणि आयर्नच्या (धातूच्या पातळ डोक्याच्या, नंबर दिलेल्या क्लबच्या) बाबतीत तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतो, आणि नंतरचे वळण फेसची दिशा व स्विंगची वाट यांतील फरकातून येते. आपला चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळतो, याचा अर्थ स्पर्शाच्या वेळी फेस लक्ष्याच्या किंचित डावीकडे असतो, पण आपल्या स्विंगची वाट त्याहूनही पुष्कळ डावीकडे चाललेली असते. नेम आणखी डावीकडे धरला की वाट अधिकच डावीकडे जाते, फेस मात्र तितका जात नाही. दोहोंतील अंतर वाढते आणि म्हणून वळणही वाढते.

ही वाट मुळात अशी नव्हती, असा माझा तर्क आहे. डावा हात क्लबच्या डाव्या अंगाला फार सरकला, म्हणजे वरून पाहताना एकच नकल दिसू लागले, की त्या पकडीला ‘कमकुवत पकड’ म्हणतात. या शब्दाचा ताकदीशी संबंध नाही. तो फक्त हात कोणत्या बाजूला फिरलेला आहे ते सांगतो. वेगाने खाली येताना हात आपल्या नैसर्गिक स्थितीकडे परतू पाहतात, आणि पकड कमकुवत असली तर हात नैसर्गिक स्थितीत येताच फेस उघडतो, म्हणजे उजवीकडे तोंड करतो. चेंडू उजवीकडे जाऊ लागतो. डोळे ते पाहतात आणि शरीर न सांगता पुढच्या वेळी क्लब डावीकडे ओढते. असे शेकडो वेळा झाले की ओढण्याची सवय हाडात मुरते, आणि मग खेळाडू त्या सवयीलाच मूळ रोग समजून तिच्यावर उपचार करत राहतो.

क्रिकेटपटूंना हा त्रास अधिक का होतो, याविषयी माझे एक निरीक्षण आहे. माडाची झावळी तोडणाऱ्या गड्याचा कोयता आपण पाहिला असेल. त्याची मूठ बहुधा चपटी किंवा लंबगोल असते, त्यामुळे धार कोणत्या बाजूला आहे हे त्याला न पाहता हातातूनच कळते. बॅटच्या दांड्याचेही पुष्कळदा तसेच असते, शिवाय बॅटची पाठ आणि तोंड यांचे वजन हाताला जाणवत राहते. गोल्फची ग्रिप मात्र गोल असते. पटर (चेंडू जमिनीवरून हलकेच घरंगळवण्याचा क्लब) सोडून इतर क्लबची ग्रिप छेदात गोलच असली पाहिजे, असा नियम आहे. लांबीच्या दिशेने जाणारी एक सरळ, किंचित उंच रेघ तेवढी चालते, आणि बोटांच्या आकाराच्या खाचा असलेल्या सरावाच्या ग्रिप स्पर्धेत चालत नाहीत. गोल मुठीला धार कुठे आहे हे सांगता येत नाही. बॅटच्या भरवशावर वाढलेला हात येथे आंधळा होतो, आणि हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्यात सरळ बॅटने खेळण्याचे संस्कार असे की बॅटचे पूर्ण तोंड गोलंदाजाकडे धरून ठेवावे, हात वळू देऊ नयेत. गोल्फमध्ये स्पर्शाच्या आधी आणि नंतर पुढचे हात (कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग) वळावेच लागतात, ते धरून ठेवले की फेस उघडाच राहतो.

मोजा गादीवर फाटतो, याचा अर्थ ग्रिप तळव्यात आडवी बसली आहे आणि स्विंगमध्ये तेथे घासते आहे. तळव्यातून धरलेला क्लब मनगटाला नीट मोडू देत नाही. त्यामुळे वेग जातो, आणि गेलेला वेग भरून काढण्यासाठी खेळाडू खांद्याने जोर लावतो. म्हणजे पुन्हा तीच डावीकडे ओढणारी वाट.

आता दुरुस्ती. सात नंबरचा आयर्न घेऊन अंगणात उभे राहा आणि डावा हात सैल सोडून मांडीलगत लोंबू द्या. हात लोंबतो तेव्हा त्याची पाठ सरळ समोर नसते. ती थोडी बाहेर, थोडी पुढे असते. प्रत्येकाचा हात वेगळ्या कोनात लोंबतो, म्हणून ‘नेमकी दोन नकल’ असा एकच हिशेब मी सर्वांना सांगत नाही. बहुतेकांना दोन ते तीन दिसतात. फेस लक्ष्याशी काटकोनात ठेवून, हाताचा तोच कोन न बदलता, ग्रिप बोटांत घ्या. ती तर्जनीच्या मधल्या पेरापासून तिरपी निघून करंगळीच्या मुळाशी यावी, आणि गादी तिच्या वर टेकावी, बाजूला नव्हे. अंगठा मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे असावा आणि ग्रिपचे टोक हाताबाहेर सुमारे एक सेंटिमीटर राहावे. उजवा हातही बोटांतूनच धरावा, त्याच्या तळव्यातील खळगा डाव्या अंगठ्यावर झाकणासारखा बसावा. दोन्ही हातांचे अंगठा आणि तर्जनी यांमधील कोन हनुवटी आणि उजवा खांदा यांच्या मध्ये कोठेतरी रोखलेले दिसले की पकड बसली असे समजावे.

आणि आता सर्वांत महत्त्वाची सूचना, जी न पाळल्यामुळे चांगले खेळाडू अर्ध्या वाटेवरून परतताना मी पाहिले आहेत. नव्या पकडीने पहिले काही दिवस आपला चेंडू डावीकडे जाईल, कदाचित फार डावीकडे. फेस आता बंद होऊन, म्हणजे डावीकडे तोंड करून, येतो आहे, पण डावीकडे ओढणारी जुनी वाट तशीच आहे; दोन्ही एका दिशेला झाल्यावर चेंडू तिकडे जाणारच. हे बिघडल्याचे नव्हे, पकड काम करू लागल्याचे चिन्ह आहे. या वेळी जुन्या पकडीकडे वळू नका. अर्ध्या स्विंगने, सात किंवा नऊ नंबरच्या आयर्ननेच खेळा, ड्रायव्हर पिशवीत राहू द्या. उजवीकडची भीती संपली की शरीराला डावीकडे ओढण्याचे कारणच उरत नाही, आणि वाट हळूहळू सरळ होते. माझ्याकडे येणाऱ्यांना याला दोन-तीन आठवडे लागतात. रोज दहा मिनिटे चेंडूशिवाय नुसती पकड बांधण्या-सोडण्याचा सराव करणाऱ्यांना कमी.

प्रश्न : मी पनवेलला महाविद्यालयात शिकतो आणि दोन वर्षांपासून स्पर्धा खेळतो. माझ्या डाव्या मुठीची चारही नकल दिसतात. चेंडू उजवीकडे निघून डावीकडे झपाट्याने वळतो आणि फार खालून जातो. एक जण पकड बदल म्हणतो, दुसरा म्हणतो की अशा पकडीने जागतिक विजेते झाले आहेत. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. आपली पकड ‘स्ट्राँग’ म्हणतात त्या जातीची आहे, म्हणजे हात उजव्या अंगाला फिरलेले आहेत. पॉल एझिंगर यांनी अशाच पकडीने १९९३ ची पीजीए चॅम्पियनशिप जिंकली आणि डेव्हिड दुवाल यांनी २००१ ची ब्रिटिश ओपन. उलट बेन होगन यांना ऐन उमेदीत हुकने, म्हणजे चेंडूच्या डावीकडच्या झपाट्याच्या वळणाने, छळले होते. त्यांनी डावा हात कमकुवत बाजूला सरकवला, आणि १९५३ साली मास्टर्स, यूएस ओपन व ब्रिटिश ओपन अशा तीन प्रमुख स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. परंतु यांपैकी प्रत्येकाचे उरलेले शरीर त्या पकडीला साजेसे चालत होते. स्ट्राँग पकड असणाऱ्याने पुढचे हात फारसे वळवायचे नसतात. हात चेंडूच्या पुढे ठेवून कंबर आणि छाती वेगाने लक्ष्याकडे फिरवायची असते. कमकुवत पकडीच्या खेळाडूला हात भरपूर वळवावे लागतात. आपण एकाची पकड आणि दुसऱ्याचे हात वळवणे अशी जोडी केली आहे, असे आपल्या चेंडूवरून दिसते, कारण केवळ पकडीमुळे एवढा हुक येत नाही.

खालून जाणाऱ्या चेंडूचे कारणही हेच. फेस बंद झाला की तो डावीकडे वळण्याबरोबर त्याचा लॉफ्टही, म्हणजे चेंडूला वर उठवणारा मागचा झुकावही, घटतो. सात नंबरचा आयर्न कमी लॉफ्टच्या सहासारखा, कधी पाचासारखा वागू लागतो. अंतर वाढले म्हणून खेळाडू खूश होतो, पण असा चेंडू ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) थांबत नाही, आणि मुळातच कमी लॉफ्टच्या क्लबने तो उठेनासा होतो.

आपण बदल करा, पण थोडा करा. किती थोडा, हे आकड्यांत सांगते. डावा हात जेथे बसतो तेथे पुरुषांच्या साधारण ग्रिपचा व्यास २३ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे घेर सुमारे ७२ मिलिमीटर. याचा अर्थ हात ग्रिपभोवती एक मिलिमीटर सरकला की तो पाच अंशांनी फिरला. स्पर्शाच्या वेळी फेस तेवढ्याच अंशांनी बदलतो असे नाही, कारण मनगटे आणि पुढचे हात आपल्या परीने जुळवून घेतात. परंतु २०० यार्डांवर फेसमधला एक अंशाचा फरक चेंडूला सरळ रेषेतच सुमारे साडेतीन यार्ड बाजूला नेतो आणि वळण त्यावर वेगळे, हे लक्षात घेतले तर चार-पाच मिलिमीटरच्या सरकण्याला केवढे महत्त्व आहे ते कळेल. चारऐवजी तीन नकल दिसू लागतील इतकाच हात डावीकडे आणा, आणि उजवा हातही तेवढाच आणा. एकच हात बदलला तर दोन्ही हात एकमेकांशी भांडत राहतात. महिनाभर तेवढ्यावर थांबा. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मात्र हा उद्योग सुरू करू नका.

प्रश्न : अलिबागहून लिहिते. वर्षभरापूर्वी पतीचे जुने क्लब घेऊन शिकू लागले. चेंडू वरून घासला जातो आणि जमिनीलगत घरंगळतो. ‘डोके वर उचलता’ असे सगळे सांगतात. हात लहान आहेत, म्हणून बोटे एकमेकांत अडकवून धरते, पण करंगळी दुखते. क्लब सुटून जाईल की काय, ही धास्ती कायम असते.

उत्तर : डोके उचलण्याचा आरोप नव्या खेळाडूवर सर्रास केला जातो. पुष्कळदा तो चुकीचा असतो, आणि आपल्या बाबतीत तर मला तो अन्यायाचाही वाटतो.

चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असावा लागतो, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून जेमतेम २१ मिलिमीटरवर आहे. क्लबचा खालचा काठ दोन सेंटिमीटर वर आला तर तो चेंडूच्या पोटावर आदळतो. आपण क्लब घट्ट आवळता तेव्हा पुढच्या हातांचे स्नायू ताठतात, कोपरे किंचित दुमडतात, खांदे कानांकडे चढतात. हात आखूड होऊन दोन सेंटिमीटर कधी निघून गेले ते कळतही नाही. तेव्हा उपाय मानेचा नाही, आवळण्याचा आहे.

आवळण्याचे कारण पतीचे क्लब. डाव्या हाताने क्लब धरून पाहा: मधले बोट आणि अनामिका यांची टोके अंगठ्याच्या मुळाच्या उंचवट्याला हलकेच टेकली पाहिजेत. मध्ये फट राहत असेल तर ग्रिप आपल्याला जाड आहे, बोटे मांसात रुतत असतील तर बारीक आहे. आपल्या बाबतीत फट राहत असेल, असा माझा कयास आहे. पूर्ण संच विकत घेण्याची घाई नको. एका सात नंबरच्या आयर्नवर महिलांच्या मापाची ग्रिप चढवून घ्या. दुकानात जुनी ग्रिप कापून, दुहेरी चिकटपट्टी आणि द्रावण लावून नवी बसवतात. थोड्या वेळाचे काम आहे. पुरुषांचे क्लब लांब आणि जडही असतात, पण ते नंतर पाहता येईल.

बोटे कशी जोडावीत, याला मी दुय्यम स्थान देते. उजवी करंगळी डाव्या तर्जनी व मधल्या बोटाच्या खाचेवर ठेवण्याची रीत हॅरी व्हार्डन यांच्या नावाने ओळखली जाते. १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकणाऱ्या या खेळाडूमुळे ती जगभर गेली, पण त्यांचे हात मोठे होते. बोटे अडकवण्याची रीत जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स यांची. दहाही बोटे क्लबवर ठेवण्याची तिसरी रीत लहान मुलांना आणि बोटांत कमी जोर असणाऱ्यांना सोयीची असते, आणि आपली करंगळी दुखते म्हणून मी आपल्याला तीच सुचवते. फक्त दोन्ही हातांच्या मध्ये फट राहू देऊ नका. करंगळी न दुखता बोटे अडकवणे जमत असेल तर तीच रीत ठेवायला हरकत नाही. दुखत असल्यास ती बहुधा मुळापर्यंत फार खोल घातली जात असावी.

दाबाविषयी एवढे सांगते. मांडवा जेट्टीवर लहान मुलाचा हात धरून त्याला बोटीत चढवताना आपण जसा धरतो, तसा क्लब धरावा: हात सुटणार नाही, पण मुलाला दुखणारही नाही. पूर्ण जोर दहा मानला तर चार-पाच. हा दाब डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत आणि उजव्याच्या मधल्या दोन बोटांत असावा. अंगठे आणि तर्जनी नुसती टेकलेली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सुरुवातीचा दाब शेवटपर्यंत तोच राहावा. बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे-वर नेण्याच्या, माथ्यावर बोटे सैल सोडून पुन्हा आवळणारे पुष्कळ असतात, आणि त्या क्षणी फेस कोठे फिरला हे त्यांना कळत नाही. स्विंग करताना श्वास सोडत राहिल्यास आवळणे कमी होते. ताकदीची चिंता मनात असेल तर भारतीय गोल्फपटू अदिती अशोक यांचे उदाहरण आठवा. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्या चौथ्या आल्या, आणि त्या मैदानातील लांब मारणाऱ्यांत त्यांची गणना नव्हती.

प्रश्न : दापोलीस आमच्या अंगणात दोन माडांमध्ये मासेमारीचे जुने जाळे बांधून मुलगी सराव करते. ती अकरा वर्षांची आहे आणि डावरी आहे, पण क्लब उजव्या हाताचे मिळाले. तिने उजव्यानेच शिकावे काय? जाळ्याबद्दलही काही सूचना असल्यास कळवाव्यात.

उत्तर : तिच्या हातात झाडू किंवा काठी द्या आणि जमिनीवरचा सुका नारळ टोलवायला सांगा. काहीही न शिकवता ती ज्या बाजूने उभी राहील, ती तिची बाजू. डावीकडून उभी राहिली तर डाव्या हाताचा एक क्लब शोधण्याचा त्रास घ्या. दुकानांत ते कमी असतात, पण मिळतात. भारतीय गोल्फपटू दीक्षा डागर डावखुऱ्याच खेळतात आणि २०२२ मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या डेफलिंपिक्समध्ये (कर्णबधिर खेळाडूंच्या ऑलिंपिकमध्ये) त्यांनी सुवर्णपदक मिळवले. या लेखातील सर्व वर्णन आरशात पाहिल्यासारखे उलटे करून तिला लागू होते. या वयात दहा बोटांची पकड योग्य.

जाळ्याची वीण चेंडूच्या व्यासाहून बारीक हवी, म्हणजे चार सेंटिमीटरच्या आत. पापलेटसाठीच्या मोठ्या विणीच्या जाळ्यातून चेंडू निसटेल. जाळे ताणून बांधू नका, सैल लोंबू द्या, म्हणजे चेंडू उलटून अंगावर येत नाही. जाळ्यामागे कोणी नसेल याची खात्री दर वेळी करा. जाळ्यात मारताना चेंडू कोठे गेला असता ते दिसत नाही, आणि पकड बसवण्याच्या काळात मला तो फायदाच वाटतो. समुद्राच्या दिशेने चेंडू मारण्याचा मोह मात्र कोणीही करू नये. ते चेंडू समुद्रातच राहतात.

प्रश्न : सावंतवाडीत राहतो, खेळायला गोव्यास जातो. मे महिन्यातील घामाने आणि नंतर पावसाने क्लब हातात फिरतो. दर महिन्याला नवा मोजा परवडत नाही.

उत्तर : किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येक खेळाडूचा हा प्रश्न आहे, आणि पकडीवर लिहिणारे लोक बहुधा कोरड्या हवेत राहत असल्यामुळे तो दुर्लक्षित राहतो. क्लब फिरतो म्हणून आपण आवळता, आणि आवळले की अलिबागच्या वाचकभगिनींना सांगितलेले सगळे आपल्याही वाट्याला येते.

ग्रिप प्रथम धुवा. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश. नंतर पुसून सावलीत वाळवा. नवी ग्रिप घ्यावी असे ज्यांना वाटत होते, अशा कित्येकांचे काम मी एवढ्यावर भागलेले पाहिले आहे, कारण घाम, खोबरेल तेल आणि सनस्क्रीन यांचा थर रबरावर चढून ते काचेसारखे गुळगुळीत झालेले असते. डोक्याला तेल लावून त्याच हातांनी क्लब उचलू नका. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत क्लब ठेवले तर रबर लवकर कडक होते. नियमित खेळणाऱ्याने वर्षातून एकदा ग्रिप बदलावी हा सर्वसाधारण संकेत आहे. आपल्याकडच्या हवेत तो मी गांभीर्याने घेते. नवी घेताना दोऱ्याची वीण मिसळलेली, ‘कॉर्ड’ म्हणतात ती घ्या. ती हाताला खरखरीत लागते, पण ओलाव्यात धरून ठेवते.

चामड्याचा मोजा घामाने भिजून वाळला की ताठ होतो आणि फाटतो. दोन मोजे आळीपाळीने वापरा, काढल्यावर सपाट पसरून सावलीत वाळवा, पिशवीच्या कप्प्यात चुरगळून कोंबू नका. पावसासाठी दोन्ही हातांत घालायचे वेगळे मोजे मिळतात. ते भिजल्यावर अधिक घट्ट धरतात, म्हणून ते आधीच ओले करून घ्यावेत. हात कोरडे करण्याची पावडर किंवा राळ वापरणे, ग्रिपभोवती रुमाल धरणे, हे सर्व नियमांत बसते. एक छोटा टॉवेल छत्रीच्या आतल्या काड्यांना अडकवून ठेवा, तो कोरडा राहतो. आणि भर पावसात नेहमीपेक्षा एक क्लब मोठा, म्हणजे अधिक दूर मारणारा, घेऊन, दोन-तीन सेंटिमीटर खाली धरून, संथ मारा. जोर कमी लागला की पकड घट्ट करण्याची इच्छाही कमी होते.

प्रश्न : वय ६८, गुहागर. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. क्लब धरताना कळ येते. खेळ सोडावा काय?

उत्तर : सोडावा की नाही हे आपल्या डॉक्टरांनी ठरवावे, आणि पकडीत कोणताही बदल करण्यापूर्वी त्यांना विचारावे. त्यांनी परवानगी दिली तर तीन गोष्टी करून पाहा. ग्रिप एका मापाने जाड आणि मऊ रबराची घ्या. जाड ग्रिपवर बोटांना कमी आवळावे लागते. जाड ग्रिपने चेंडू उजवीकडे जातो असे सांगितले जाते. तसे झालेच तर डावा हात एक-दोन मिलिमीटर उजवीकडे सरकवा, बहुधा भागते. दहा बोटांनी धरा, आणि उजवा अंगठा ग्रिपवर दाबून न ठेवता बाजूला सैल टेकू द्या. दाब मधल्या दोन बोटांवर राहू द्या. पटर तर आपण पूर्ण वेगळ्या तऱ्हेने धरू शकता. डावा हात खाली आणि उजवा वर अशी पकड जिम फ्युरिक यांच्यासारख्या विजेत्या खेळाडूने वापरली आहे, आणि पटरची ग्रिप गोल असण्याचेही बंधन नाही, त्यामुळे रुंद, चपटी ग्रिप तळव्यांत धरून अंगठ्याला पूर्ण विश्रांती देता येते. गुहागरच्या घरी फरशीवर एक वाटी आडवी ठेवून आठ-दहा दिवस असे खेळून पाहा आणि कळ कमी झाली की नाही, तेवढे मला कळवा.